पालथा पेला

अक्काचे भाऊ, उत्तमभाऊ, सांगितल्याशिवाय कधी येत नाहीत. त्यामुळे सकाळी फाटकाशी त्यांची लुना थांबल्याचा आवाज आला तेव्हाच मला संशय आला. ते आत आले नाहीत. पायरीपाशीच उभं राहून म्हणाले, "अक्का गेली, नलूताई. पहाटे." मी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली आणि नको तो प्रश्न विचारला, "कशानं?" वास्तविक मला माहीत होतं. तिच्या किडन्यांचं दुखणं किती दिवस चाललं होतं, धुळ्याचे डॉक्टर झाले, नाशिकचे झाले... तरी मी विचारलं. उत्तमभाऊंनी माझ्याकडे बघितलं. "कशानं ते तुम्हाला नाही तर कुणाला ठाऊक?" एवढं बोलून त्यांनी लुना वळवली. अजून बऱ्याच जणांना कळवायचं होतं त्यांना.

पुढच्या आठवड्यात कचेरीत शोकसभा झाली. कोणती कचेरी ते लिहीत नाही. लिहिलं तर हे छापणारे वर्तमानपत्राचे पुरवणीवाले कापतील, आणि मला अजून तिथेच नोकरी करायची आहे. धुळ्यातली एक सरकारी कचेरी, दगडी, वर एकच मजला असलेली, एवढं पुरे. सभा वरच्या हॉलमध्ये होती. कुसुम शिरसाठ, आवक-जावक, यांचा फोटो हार घालून टेबलावर ठेवला होता, पुढे उदबत्ती. ज्या जिन्याने अक्काला सगळ्या नोकरीत कधी धड वर येऊ दिलं नाही, त्याच जिन्याने तिचा फोटो कुणाच्या तरी काखेत बसून आरामात वर पोचला होता. मी शेवटच्या रांगेत बसले. भाषणं सुरू झाली. अपंगत्वावर मात. जिद्दीचं मूर्तिमंत उदाहरण. देवाने पाय नेले पण मन दिलं... माणूस मेल्यावर लोक फार गोड बोलायला लागले की मला संशय येतो. काहीतरी झाकायचं असल्याशिवाय एवढी साखर कुणी घालत नाही.

मग आमचे हेडक्लार्क चौधरी भाऊसाहेब उठले. वाईट माणूस नाही. घसा खाकरून म्हणाले, "शिरसाठबाईंचं एकच सांगतो. बाईंनी कामाच्या वेळेत कधी जागा सोडली नाही. कितीतरी वर्षं तर मी त्यांना खुर्चीवरून उठलेलं पाहिलं नाही. चहा नाही, गप्पा नाहीत. अहो, पाणीसुद्धा पीत नसत! याला म्हणतात निष्ठा." सगळ्यांच्या माना हलल्या. कुणीतरी च्च केलं. माझं डोकं असं सणकलं की समोरच्या खुर्चीची पाठ धरून बसले. नंतर मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. मी बोलले, आणि ते दोनच शब्द होते असं म्हटलं तरी चालेल. ते पुढे सांगते. आधी अक्का सांगते, कारण त्या हॉलमध्ये जिच्याबद्दल बोलणं चाललं होतं ती बाई मला ओळखू येत नव्हती.

मी मुळात संशयी. आई म्हणायची, या पोरीला दुधात पाणी नसलं तरी ते का नाही याची शंका येते. ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमारास टायपिस्ट म्हणून रुजू झाले तेव्हा मला तळमजल्यावर खिडकीची जागा मिळाली. दाराशी आवक-जावकच्या टेबलावर ही बाई बसलेली. जाड भिंगांचा चष्मा, चापूनचोपून पिना लावलेलं पातळ, टेबलाला टेकवलेल्या दोन लाकडी कुबड्या, आणि पातळाखाली एका पायाला लोखंडी पट्ट्यांचा, चामड्याचा कॅलिपर. मूळची यावलकडची. बाप केळीच्या बागांमध्ये मजुरीला. लहानपणी ताप आला, तापाबरोबर पाय गेले. जळगावला नोकरीला लागली आणि माझ्या थोडी आधी धुळ्याला बदलून आली. पहिल्या दिवशी मी तिच्याकडे बघून हसले. ती हसली नाही. चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाली, "काय काम आहे?"

"काही नाही. मी नवी टायपिस्ट."

"मग हसलात कशाला?"

मला राग आला आणि त्याच वेळी ही बाई आवडली. संशय म्हणजे काय चीज असते ते मला माहीत होतं. पण माझा संशय हौसेचा होता. तिचा कमावलेला होता, हे मला हळूहळू कळलं. तिच्यावर कुणी उपकार केला की तिला आधी भीती वाटायची. तिला दाराशी बसवलं तेव्हा साहेब म्हणाले होते, "बाई, तुमच्यासाठी खास वाऱ्याची जागा ठेवली आहे." वारा होता, खरं आहे. पण त्या वाऱ्याबरोबर दारातून येणारा प्रत्येक माणूस तिलाच विचारायचा, अमका विभाग कुठे, तमके साहेब आलेत का, सही कोण देतं. तिचं आवक-जावकचं काम तर होतंच, वर चौकशीची खिडकीही फुकटात झाली. दर वर्षी तिच्याकडे अपंगत्वाचा दाखला नव्याने मागायचे. "पाय उगवलेत का ते बघायचं असतं त्यांना," ती म्हणायची. आणि मागे कुजबुज असायची ती वेगळीच. कुणी म्हणे बाई घरी चांगली चालते. कुणी तिला आग्रा रोडवर एकाच कुबडीवर उभं राहिलेलं पाहिलं होतं, म्हणजे दुसरी कुबडी नक्कीच कोट्यासाठी असणार! ती बौद्ध, तेव्हा कुजबुजीला तीही एक फांदी फुटायची. अक्का एकदा मला म्हणाली, "नलू, कुणी तोंड वाकडं केलं की मला कळत नाही, पायाला केलं की जातीला. मग मी दोन्हीकडे मांडून ठेवते."

तिच्या टेबलावर एक स्टीलचा पेला असायचा. कायम पालथा. कचेरीचा माठ माझ्या खिडकीपाशी होता. मी पाणी प्यायला उठले की विचारायची, "अक्का, देऊ का?" ती म्हणायची, "आताच प्यायले." सकाळी आताच, दुपारी आताच, मे महिन्यात धुळ्याचं ऊन डोक्यावर ओततंय तेव्हाही आताच. मला अर्थातच संशय आला. माझ्या मनाने सरळ जातीकडे धाव घेतली. मला वाटलं, या माठावरून हिला कुणीतरी काहीतरी बोललं असणार. मी तडक भिका नानांना गाठलं. भिका नाना म्हणजे आमचे शिपाई. कापडण्याचे. अस्सल अहिराणी बोलणारे. माठ तेच भरायचे. मी त्यांना जवळजवळ दरडावूनच विचारलं. नानांनी कानाला हात लावले. "नही वो ताई! मी सोता पेला धुईसन देस, त्या घेतस नही. माले काय माहीत कसाले?" नाना खोटं बोलत नव्हते. पण मग का?

कारण मला अक्कानेच सांगितलं, एका दुपारी, ओठांना चिरा पडलेल्या असताना. मी हट्टाने पेला भरून तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, आता माझ्या देखत प्या. तिने पेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "प्यायले तर जायचं कुठे?"

तेव्हा मी पहिल्यांदा तिच्या बाजूने ती कचेरी बघितली. बायकांचा संडास मागच्या आवारात, शेवटच्या टोकाला. तिथवर खडी पसरलेली, कुबडी रुतायची. पुढे उंच पायऱ्या, धरायला काही नाही. दार इतकं अरुंद की दोन कुबड्या घेऊन माणूस आत जाऊच शकत नाही. आत शेवाळलेली फरशी आणि उकिडवं बसायचं भांडं. ज्या बाईचा गुडघा लोखंडाने ताठ धरलेला आहे तिने तिथे बसायचं कसं? मी रोज तिथे जात होते. मला कधी त्या पायऱ्या दिसल्याच नव्हत्या. अक्का सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळी घरी पोचेपर्यंत पाणी पीत नव्हती, आणि तिला वाटत होतं की ही गोष्ट कुणाला कळली तर उद्या तेही म्हणतील, मग घरी बसा ना बाई.

तिचं घर देवपुरात, पांझरेच्या पलीकडे. हाताने दांडा फिरवायच्या तीनचाकी सायकलवरून ती पूल ओलांडून यायची. मी पहिल्यांदा तिच्या घरी गेले तेव्हा चकितच झाले. उत्तमभाऊ गॅरेजमध्ये वेल्डिंगचं काम करायचे. त्यांनी बहिणीसाठी पुढच्या दाराला पायऱ्यांऐवजी उतार केला होता. संडासात एक जाडजूड लाकडी खुर्ची, मधोमध भोक पाडलेली, आणि भिंतीला धरायला पाइप. ओटा तिच्या कमरेला येईल असा बुटका. अक्का आत शिरली, एक कुबडी भिंतीला लावली, माठातून तांब्याभर पाणी घेतलं आणि उभ्याने घटाघटा प्यायली. मग दुसरा. मग भाकऱ्या थापल्या, म्हाताऱ्या आईला औषध दिलं, मला वाढलं, शेजारणीशी भांडली सुद्धा. या घरात मला कुणी अपंग दिसलं नाही. नंतर मी पुष्कळदा विचार केला. पाय तेच होते, बाई तीच होती. पण रोज सकाळी तो पूल ओलांडून ती अलीकडे आली की अपंग व्हायची.

पुढे तिला वरचेवर ताप यायला लागला, ओटीपोटात आग व्हायला लागली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "भरपूर पाणी पीत जा. दिवसभर पीत जा." हे सांगताना ती हसली. मी मात्र हसले नाही. मी म्हटलं, आता मागायचं. तिची तयारी नव्हती. मागितलं की ते आधी आपल्याला मोजतात, असं तिचं म्हणणं. पण दुखणं वाढलं तेव्हा ती तयार झाली. तळमजल्यावर जिन्याखाली सामानाची एक खोली होती. तिथे पाण्याचा नळही होता. तिथे बसायचा संडास करून द्यावा, एवढंच मागणं. साहेब खाली आले, तिच्या टेबलापाशी उभे राहिले. फार मऊ बोलायचे. "बाई, आमचं लक्ष आहे तुमच्याकडे. बघू." मग थोडं थांबून, "नाहीतर असं करू या का? तुमची जळगावला बदली करून टाकू. तिथली इमारत नवी आहे, तुम्हाला सोयीचं पडेल." अक्काने हात जोडले. साहेब गेल्यावर ती म्हणाली, "बघितलंस? संडास मागितला तर मलाच उचलून बाहेर ठेवायला निघाले." देवपुरातलं ते घर, आई, भाऊ, सगळं सोडून तिने जळगावला कुठल्या भाड्याच्या खोलीत, कुठल्या पायऱ्या चढत राहायचं? वरच्या मजल्यावर चर्चा झालीच. एकीसाठी संडास म्हणजे फारच झालं. आज संडास, उद्या म्हणेल लिफ्ट बसवा!

त्याच वर्षीची खंडेनवमी. आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी कचेरीत पूजा जोरात व्हायची. जीप धुवायची, तिला झेंडूच्या माळा, टाइपरायटरला हळदकुंकू, सायक्लोस्टाइलच्या मशीनला नारळ. आणि एकदा पूजा झाली की दसरा होईपर्यंत त्या वस्तूला हात लावायचा नाही, हा नेम. दुपारी भिका नाना अक्काच्या टेबलाशी आले. "बाई, या घेऊ का जराश्या?" अक्काला वाटलं, झाडायला बाजूला करताहेत. ती म्हणाली, "घ्या." आणि टपाल नोंदवत राहिली. थोड्या वेळाने आम्हा सगळ्यांना आरतीला वर बोलावलं. हॉलमध्ये मी शिरले आणि पाहते तर टाइपरायटरच्या शेजारी पाटावर अक्काच्या कुबड्या. धुऊन पुसून लख्ख. वर झेंडूचा हार, हाताच्या दांड्याला कुंकवाची बोटं, पुढे विड्याची पानं. लोक कौतुकाने बघत होते. एकजण म्हणाला, "नानाला बरं सुचलं हो!" वर टाळ वाजत होते आणि खाली ती बाई खुर्चीला खिळलेली. तिला तिथून हलायचंच असतं तर जमिनीवर उतरून सरपटावं लागलं असतं.

मी नानांना खाली घेऊन आले. नानांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला काय बोलावं कळेना. अक्का शांत होती. "नाना, माझ्या कुबड्या?"

"बाई, देवले ठेयेल वस्तू शे. सकायपावत हात लावानं नही. तुम्ही फिकिर करू नका, रिक्षामा बसाडीसन घरलोंग सोडी देसूत."

"आणि नंतर? घरात?"

तेवढं पुढचं नानांच्या मनातच आलं नव्हतं. अक्का बौद्ध, तिच्या घरी वंदना व्हायची. जिना नसता तरी ती त्या आरतीला गेली नसती. पण कुंकवावरून ती बोलली नाही. आरती संपवून लोक जिन्यावरून उतरत होते, पुढे साहेब, हातात प्रसाद. त्यांच्या देखत, पण नानांनाच तिने विचारलं, "नाना, साहेबांचे बूट नाही ठेवले पूजेत?"

कुणीतरी हसलं. साहेबही हसले. अक्का हसली नाही. "नाही ना ठेवले? कारण त्यांना आता चालत घरी जायचंय."

नाना वर धावले. खाली आले ते हार, कुंकू, सगळ्यासकट कुबड्या छातीशी धरून. वरचे लोक कुरकुरले, पूजा मोडली म्हणाले. नानांनी कुबड्या घाईघाईने तिच्या हातात दिल्या. नेम मोडला याची भीती होती की आणखी कशाची, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. अक्काने हार काढून टेबलावर ठेवला, ओल्या फडक्याने दांडे पुसले आणि घरी गेली. मला राहून राहून वाटतं, त्या दिवशी कचेरीने तिला मनापासून जे द्यायचं ते दिलं. देव्हारा दिला. संडास तेवढा नाही दिला.

आता पुढचं सांगितलं तर तुम्हाला वाटेल मी रचून सांगते आहे. दिवाळीत साहेब स्वतःच्या घरी न्हाणीघरात घसरले आणि त्यांचा पाय मोडला. मांडीपर्यंत प्लास्टर. आणि काय सांगू, कचेरीला एकदम पाय फुटले! जिन्याखालची ती खोली एका दिवसात रिकामी झाली. तिथे साहेबांचं टेबल आलं. प्रवेशाच्या पायऱ्यांवर फळ्या टाकून उतार झाला, चाकांच्या खुर्चीसाठी. कोपऱ्यात भिंत उभी राहिली, नळ होताच, आणि आठवडा उलटायच्या आत पांढरं शुभ्र बसायचं भांडं बसलं. शेजारी धरायला दांडी. कुठून परवानगी आली, कुठल्या खात्यातून खर्च पडला, कुणी विचारलं नाही. एकासाठी संडास, असंही कुणी म्हणालं नाही. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. मी अक्काला म्हटलं, "झालं बघा आपलं काम." अक्का आपल्या टेबलावरून ते सगळं बघत होती. पेला पालथाच. "नलू," ती म्हणाली, "प्लास्टर निघालं की हेही निघेल."

साहेब खाली असताना तिने एकदा विचारलं. संध्याकाळी ते गेल्यावर वापरला तर चालेल का? साहेब अवघडले. "बाई, बरं दिसेल का ते?" काय बरं दिसणार नव्हतं, आणि कुणाला, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. प्लास्टर निघालं. आधी फळ्या निघाल्या, पुढे पावसाळ्यात पाणी साचेल म्हणून. मग टेबल वर गेलं. भांडं काढता येत नव्हतं, म्हणून त्या दाराला कुलूप लागलं. किल्ली साहेबांचा शिपाई म्हणून भिका नानांच्या करगोट्याला. दर सोमवारी नाना कुलूप उघडायचे, कुणीही न वापरलेला तो संडास घासून पुसून लख्ख करायचे आणि पुन्हा कुलूप लावायचे. अक्काच्या टेबलापासून ते दार सरळ समोर दिसायचं. तो अख्खा उन्हाळा तिने त्या दाराकडे बघत काढला. दोनदा ताप येऊन पडली. परत आली की नाना तिच्याकडे बघायचं टाळायचे.

पुढच्या खंडेनवमीला दुपारी नाना अक्काच्या टेबलाशी आले. अक्काने पहिलं काम काय केलं असेल तर दोन्ही कुबड्या मांडीवर ओढून घेतल्या. नानांनी कमरेची किल्ली सोडली आणि टेबलावर, टपालाच्या गठ्ठ्यावर ठेवली. "हाई घ्या बाई. हाई पूजामा नही ठेयेल."

अक्काने किल्लीला हात लावला नाही. "कुणी सांगितलं? साहेबांनी?"

"कोन्हीच नही."

"मग कशाला देताय? उद्या विचारलं तर?"

"सांगसू, हारपनी."

"नाना, खरं सांगा. काय हवंय तुम्हाला?"

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. वर टाळ वाजायला लागले तसे ते वळून जिना चढायला लागले. अक्का किल्लीकडे बघत राहिली, कितीतरी वेळ. मग तिने पेला उचलला, सुलटा केला आणि माझ्यापुढे धरला. मी भरून दिला. कचेरीत पाणी पिताना मी तिला पहिल्यांदा बघितलं. पिताना तिचे डोळे माझ्यावरच होते, जणू मी मध्येच पेला काढून घेईन. तिचा तरी काय दोष! मी आरतीला गेले नाही. दोघी तिथेच बसलो, आणि मला फार रडू आलं.

साहेबांनी किल्ली विचारली की नाही, मला माहीत नाही. नाना निवृत्त होईपर्यंत कुणी काही बोललं नाही, आणि नंतर साहेबच बदलले. अक्काने ती खोली पुढे बरीच वर्षं वापरली. मागच्या आवारातल्या पायऱ्यांना कंटाळलेल्या आणखी दोघीतिघीही गुपचूप किल्ली मागून न्यायच्या. एक पोटुशी होती, एकीचे गुडघे गेलेले. पण किडन्या तोवर बिघडल्या होत्या. वेळेआधी नोकरी सोडावी लागली. शेवटी शेवटी डॉक्टरांनी पाणी तोडलं, सगळ्या दिवसाला एवढंसंच, तेही मोजून. मी भेटायला गेले की ती ओल्या फडक्याने ओठ पुसत पडलेली असायची. एकदा म्हणाली, "तेव्हा जायला जागा नव्हती म्हणून प्यायले नाही. आता जागा आहे तर पिऊ देत नाहीत." मी डॉक्टरांना सरळ विचारलं होतं, इतकी वर्षं पाणी कोंडून ठेवलं त्यानेच ना हे? ते म्हणाले, असं निश्चित सांगता येत नाही, अनेक कारणं असतात. असतील. माझा संशय आहे, आणि तो कुणी काढून घेऊ शकणार नाही. दीर्घ आजाराने निधन, असं कचेरीच्या फलकावर लिहिलं होतं. मी त्या आजाराला ओळखते. त्याला पायऱ्या होत्या आणि दार अरुंद होतं.

तर शोकसभेत मला बोलायला सांगितलं. मी उभी राहिले. अक्काच्या फोटोकडे बघितलं, चौधरी भाऊसाहेबांकडे बघितलं, आणि म्हटलं, "बाईंना तहान लागायची." आणि खाली बसले. काहींना कळलं नाही. भाऊसाहेबांना कळलं असावं, त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. सभेनंतर मी खाली येऊन जिन्याखालच्या त्या खोलीचं दार ढकललं. ते जेमतेम हातभर उघडलं. अक्काने नोकरी सोडल्यावर, आता कुणाला लागतं म्हणून तिथे जुन्या फायलींचे गठ्ठे रचले होते, भांड्यावर सुद्धा. नवे साहेब सज्जन दिसतात. म्हणाले, "ताई, रिकामी करून घेऊ, बघू." तो शब्द मी आधी ऐकलेला आहे. म्हणून रोज सकाळी आल्या आल्या एकेक गठ्ठा उचलून मी चौधरी भाऊसाहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवायला लागले. पहिल्या दिवशी ते चिडले. नंतर मुकाट्याने जागा करून द्यायला लागले. आता भांडं मोकळं झालं आहे, आणि कुलूप मी कडीसकट काढून टाकलं आहे.

उत्तमभाऊंनी अक्काचा पेला मला दिला. माझ्या टेबलावर असतो, सरळ, भरलेला. मी पिते, उठते, जिन्याखाली जाऊन येते, पुन्हा भरते. मुद्दाम, सगळ्यांच्या देखत. परवा शेजारच्या टेबलावरची नवी मुलगी हसून म्हणाली, "ताई, किती पाणी पिता हो तुम्ही!"

मी म्हटलं, "जाता येतं ना, म्हणून."